अर्धा राहिलेला स्वेटर पुन्हा हाती घेताना



दिवाळीच्या सुटीत कार्यानुभवाच्या खोलीतले जुने कपाट आवरायला काढले, तेव्हा सर्वांत खालच्या कप्प्यात पुठ्ठ्याचा एक खोका सापडला. आत लोकरीची चौदा अर्धवट विणकामे होती. कुणाचा मफलर वीतभर, कुणाची टोपी नुसत्या पट्टीपर्यंत. प्रत्येकाला सुयांसकट एकेक चिठ्ठी बांधलेली: नाव, इयत्ता, हजेरी क्रमांक. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, त्या आठवड्यात ही कामे जिथे होती तिथेच थांबली. ज्यांची ती होती, ती मुले केव्हाच दहावी होऊन गेली.

शिपाईमामांनी विचारले, "मॅडम, हे टाकायचे ना?" एरवी मी हो म्हटले असते. पण यंदाच्या पावसाळ्यात माझ्या स्वतःच्या ट्रंकेतून असेच एक अर्धे काम बाहेर आले होते आणि त्याच्याशी माझी झटापट चालू होती. म्हणून खोका कार्यालयात आणून ठेवायला सांगितला. या वेळचा अभ्यासलेख त्या खोक्याच्या निमित्ताने लिहिते आहे. यात गणित आहे, विज्ञान आहे आणि थोडी भाषाही आहे.

भाषेपासूनच सुरुवात करते. माझे माहेर ग्वाल्हेरचे. घरात आम्ही मराठी बोलायचो, पण माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आणि विणकामही हिंदीतच झाले. हिवाळ्यात दुपारी गल्लीतल्या बायका गच्चीवर विणत बसत. त्यांच्याकडून आई शिकली आणि आईकडून मी. त्यामुळे आमच्या घरी सुईला 'सलाई', टाक्याला 'फंदा' आणि लोकरीला 'ऊन'. लग्न होऊन तेरेखोलला आल्यावर पहिल्याच महिन्यात मी सासूबाईंना म्हटले, "थोडे ऊन आणायला हवे." त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग अंगणाकडे पाहिले. वैशाखाचे दिवस होते. त्या म्हणाल्या, "आणखी किती हवे?"

इथे ते ऊन भरपूर आणि दुसऱ्या उनाची गरज नाही, हेच खरे माझ्या स्वेटरच्या अर्धवटपणाचे कारण. डिसेंबर १९९४ मध्ये मी अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, करड्या रंगाचा स्वेटर विणायला घेतला. पाठ पूर्ण झाली, पुढचा भाग बगलेपर्यंत आला आणि मे १९९५ मध्ये लग्न झाले. स्वेटर माझ्याबरोबर ट्रंकेत आला. ग्वाल्हेरला थंडीत दात वाजतात. इथे किल्ल्याच्या उतारावर जानेवारीच्या पहाटेसुद्धा एक पातळ शाल पुरते. 'पुढच्या सुटीत करू' असे म्हणता म्हणता तीस वर्षे गेली. आता अण्णा ब्याऐंशीचे आहेत. जुलैमध्ये फोनवर सहज म्हणाले, हल्ली पंखा लावला तरी थंडी वाजते. मी फोन ठेवून ट्रंक उघडली.

आता पाहा, अर्धे काम उघडल्यावर पहिली चूक कोणती होते? आपण लगेच विणायला लागतो. मीही तेच केले. सुई उचलली आणि सहा ओळी विणल्या. मग लांब धरून पाहिले, तर जुन्या आणि नव्या कामाच्या मध्ये सरळ एक रेघ दिसत होती. खालचे टाके घट्ट, वरचे सैल. जणू दोन वेगवेगळ्या बायकांनी विणले असावे. एका अर्थी तसेच होते. चोविसाव्या वर्षीचा हात आणि आजचा हात एक नव्हे.

याला विणकामात ताण म्हणतात आणि तो मोजता येतो. विणलेल्या कापडावर पट्टी ठेवून दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजायचे. माझ्या जुन्या कामात २२ टाके बसत होते, नव्या सहा ओळींत २०. दोनच टाक्यांचा फरक, एवढे काय त्यात? आठवी-नववीच्या मुलांनी पुढचे गणित करून पाहावे. तेव्हा अण्णांची छाती ४० इंच होती, म्हणजे सुमारे १०२ सेंटिमीटर. अंगात सैल बसावा म्हणून त्यात ८ मिळवले की घेर ११०, म्हणून एका बाजूची रुंदी ५५ सेंटिमीटर. दहा सेंटिमीटरला २२ या हिशेबाने टाके १२१. तेच १२१ टाके आजच्या माझ्या सैल हाताने विणले तर रुंदी ६० सेंटिमीटरच्याही वर जाते. पाठ ५५ आणि पोट ६० असा स्वेटर कोण घालणार?

पण खरा धक्का पुढे होता. वहिनीला सांगून अण्णांचे नवे माप मागवले. छाती ३६ इंच. मी तिला पुन्हा मोजायला सांगितले. पुन्हा ३६ च. दर दोन वर्षांनी मी त्यांना भेटते, तरी हे माझ्या लक्षात आले नव्हते. ३६ इंच म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर, त्यात ९ मिळवून घेर १००, एका बाजूला ५०, आणि आजच्या हाताच्या ताणाने टाके १००. तेव्हाचे १२१ आणि आजचे १००. ज्या माणसासाठी तो स्वेटर घातला होता, त्याला तो आता झाला नसता. आहे तिथून पुढे विणण्याचा प्रश्नच संपला.

उसवायचे ठरवायला मला चार दिवस लागले. पूर्ण झालेली पाठ होती ती. त्यात आईने दाखवलेली एक सरळ, गाळलेल्या टाक्यांची नक्षी होती आणि कमरेच्या पट्टीच्या काही ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या होत्या. आई आता नाही. तिचे शालेय वय १९६२ चे. त्या वर्षी चीनच्या आक्रमणानंतर देशभर बायका आणि शाळकरी मुली सीमेवरच्या जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणत होत्या, त्यांत तीही होती. तिची पट्टी मी उसवली नाही. तेवढी कापून, टाके सुईवर घेऊन, बंद करून वेगळी ठेवली आहे. हा निर्णय बरोबर की चूक ते मला माहीत नाही. बाकीचे सगळे उसवले.

इथे आमच्या एका आठवीतल्या विद्यार्थ्याचा प्रश्न सांगायला हवा. मी कार्यालयात उसवत बसले होते आणि तो हजेरीपट न्यायला आला होता. त्याच्या घरी मासेमारीचा धंदा. तो म्हणाला, "टीचर, आमचे जाळे फाटले तर भोक तेवढेच राहते. मग स्वेटर ओढला की सगळा का सुटतो?"

हा प्रश्न इतका चांगला होता की दुसऱ्या दिवशी मी तो वर्गात फळ्यावर लिहिला. उत्तर असे. जाळ्याच्या प्रत्येक घराच्या कोपऱ्यावर गाठ असते. एक धागा तुटला तरी शेजारची गाठ त्याला पकडून ठेवते. स्वेटरमध्ये एकही गाठ नसते. एकच लांब धागा असतो आणि त्याचे फास एकमेकांत अडकवलेले असतात. प्रत्येक फास त्याच्यावरच्या फासाने अडवलेला आणि सगळ्यांत वरची ओळ सुईने अडवलेली. सुई काढली की वरच्या ओळीला कुणी वाली नाही. म्हणून स्वेटर ताणला जातो आणि म्हणूनच तो सुटतोही. गाठी मारल्या असत्या तर सुटला नसता, पण डोक्यातून घालताही आला नसता.

पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा खाडीच्या काठी जाळी दुरुस्त करणारे आपण सगळेच पाहतो. त्यांचे एक काम मी इतकी वर्षे पाहत आले, पण समजले यंदाच. भोक बुजवायच्या आधी ते सुरीने आणखी मोठे करतात. कडेचे लोंबते, अर्धवट तुकडे कापून टाकतात. प्रत्येक गाठीला पुरेसे धागे उरलेले असतील अशी स्वच्छ कड मिळाली की मगच सुई लावतात. नवशिक्याला वाटते, हा माणूस जाळे आणखी बिघडवतो आहे.

आपल्याकडे घरोघरी क्रोशाचे कामही असते. त्याची गोष्ट पुन्हा निराळी. आजीने टेबलावरचा रुमाल अर्धा ठेवला असेल तर घाबरू नका. क्रोशामध्ये कोणत्याही क्षणी फक्त एकच फास उघडा असतो, बाकीचे खांब आणि साखळ्या आपापल्या जागी पक्क्या. त्या एका फासात सेफ्टी पिन अडकवून ठेवली तर काम वीस वर्षे तसेच राहते. सुयांवरच्या कामात मात्र शंभर-सव्वाशे फास एकाच वेळी उघडे असतात. खोक्यातल्या चौदापैकी पाच कामांच्या सुया निसटल्या होत्या, त्यांची अवस्था काय झाली असेल ते ओळखा.

आता उसवलेल्या लोकरीचे विज्ञान. उसवलेला धागा कुरळा निघतो, शेवयांसारखा. तो तसाच विणला तर टाके वेडेवाकडे येतात. आधी तो खरी लोकर आहे की अ‍ॅक्रिलिक, हे ओळखावे. दोन बोटे लांबीचा तुकडा चिमट्यात धरून जाळावा (मुलांनी मोठ्यांच्या समोरच). खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत दूर नेली की विझते आणि मागे राहणारी राख बोटांत चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळते आणि कडक काळा मणी उरतो. माझी लोकर खरी निघाली.

लोकर आणि आपले केस दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाचे. मुली रात्री ओल्या केसांची वेणी घालून झोपतात आणि सकाळी केस लहरी होतात, ते का? पाण्याने केराटिनमधले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना, केस ज्या आकारात असतील त्या आकारात पुन्हा जुळतात. माझा धागा तीस वर्षे टाक्याच्या आकारात राहिला होता. तो सरळ करायचा तर पुन्हा ओला करून सरळ वाळवायला हवा. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी केली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात सौम्य साबण घालून अर्धा तास भिजवली. पिळली नाही, टॉवेलमध्ये दाबली आणि खाली हलके वजन बांधून सावलीत टांगली. आमच्या पावसाळ्यात वाळायला तीन दिवस लागले. अ‍ॅक्रिलिकला हा उपाय नीट लागू पडत नाही आणि इस्त्री तर अजिबात लावू नये, त्यातला जीव जातो तो परत येत नाही.

ट्रंकेत डांबराच्या गोळ्या होत्या, तरी कसर लागलीच. लोकर खाते ती कसरीची अळी, उडणारा पतंग नव्हे, आणि घामाचे किंवा अन्नाचे डाग असलेला भाग तिला अधिक आवडतो. म्हणून लोकरीचे काम ठेवताना धुऊन, पूर्ण वाळवून ठेवणे महत्त्वाचे. माझ्या सुया आईच्या, सायकलच्या आऱ्यांपासून घासून केलेल्या, कमरेच्या पट्टीसाठी. त्या लोखंडी. समुद्रकाठच्या हवेने त्यांना गंज चढला आणि एका ओळीवर तांबडा डाग कायमचा बसला. काम सोडणारच असाल तर निदान सुई काढून टाक्यांतून एक जाड सुती दोरा ओवून ठेवा. सुईचा नंबरही चिठ्ठीवर लिहा. आपल्याकडे जुने नंबर चालतात त्यांत ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर आणि १० नंबर म्हणजे सव्वातीन. नंबर वाढला की सुई बारीक होते. नव्या सुयांवर मिलिमीटर छापलेले असतात आणि मुले हमखास गोंधळतात.

तुटलेले धागे जोडण्याची एक युक्ती ग्वाल्हेरच्या शेजारणीने शिकवली होती. दोन्ही टोके उकलून एकमेकांवर ठेवायची, ओली करायची आणि तळहातांवर जोरात चोळायची. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, ते उष्णतेने आणि घर्षणाने एकमेकांत अडकतात. गाठ न मारता जोड बसतो. हे खऱ्या लोकरीतच होते. खोक्यातल्या अ‍ॅक्रिलिकवर करून बघाल तर तळहातच लाल होतील.

सगळे करून वजन केले तेव्हा वापरण्याजोगी लोकर ४०० ग्रॅम निघाली. पुरेल का? दहा सेंटिमीटर लांब-रुंद नमुना विणून दुकानातल्या काट्यावर तोलला. साडेचार ग्रॅम. पाठ, पुढचा भाग आणि दोन बाह्या मिळून क्षेत्रफळ असे सुमारे ९४ चौकोन. म्हणजे सुमारे ४२५ ग्रॅम हवेत. २५ ग्रॅम कमी. तीस वर्षांपूर्वीची तीच छटा मिळणे शक्य नाही, एकाच रंगाच्या दोन वेगवेगळ्या लॉटमध्येही फरक पडतो. म्हणून पट्ट्या आणि गळा तपकिरी रंगात करायचे ठरवले. फरक लपवता येत नसेल तर तो उघड दाखवलेला बरा दिसतो.

आता खोक्यातल्या कामांविषयी, कारण ती उसवायची गरज नाही. मफलर कुणाच्या मापाचा नसतो. आधी काम वाचायला शिका. साध्या विणीत सुलट बाजूला इंग्रजी व्हीसारखे आकार दिसतात, एक व्ही म्हणजे एक टाका, व्हींची एक रांग म्हणजे एक ओळ. टाके मोजून चिठ्ठीवरच्या आकड्याशी ताडा. काम ओळीच्या मध्येच थांबले असेल तर दोन्ही सुयांवर टाके असतील, गोळ्याचा धागा ज्या सुईवरच्या टाक्यातून निघतो ती सुई उजव्या हातात घ्यायची. ही एक गोष्ट चुकली की मुले उलट दिशेने विणत जातात. निसटलेला टाका खाली शिडीसारखा उतरलेला दिसेल. सुलट बाजू समोर धरून, क्रोशाच्या सुईने शिडीची एकेक पायरी फासातून ओढत वर आणायची. सुईवर प्रत्येक टाक्याची उजवी बाजू पुढे असावी, नाहीतर टाका पिळलेला येतो. पाच-सहा ओळी विणून झाल्यावर ताण मोजा. सैल आला तर सुई अर्ध्या मिलिमीटरने बारीक घ्या. हात बदलण्यापेक्षा सुई बदलणे सोपे.

माझा शंभर टाक्यांचा नवा स्वेटर आता पाठ संपवून पुढच्या भागात बगलेपर्यंत पोचला आहे, म्हणजे बरोबर जिथे १९९५ साली थांबला होता तिथे. गेल्या रविवारी अण्णांनी विचारले, गळा गोल करणार की व्ही? तीस वर्षांपूर्वीही हेच विचारले होते आणि मी व्ही सांगितले होते. या वेळी मी त्यांनाच विचारले. ते म्हणाले, बंद कर, मान गार पडते.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना, हाताचे काम शिकण्यासाठी सुचवले आहेत. त्यांतले दोन दिवस विणकामाला आणि जाळे दुरुस्तीला मिळावेत. जाळ्यासाठी शिक्षक बाहेरून शोधण्याची गरज नाही, आपल्याच पालकांमध्ये आहेत. फक्त त्यांना सन्मानाने बोलवावे आणि मानधन द्यावे, एवढीच अपेक्षा.

अमेरिकेत २०२२ साली मेसी कॅप्लन आणि जेन सिमोनिक या दोन विणणाऱ्या मैत्रिणींनी 'लूज एंड्स' नावाचा उपक्रम सुरू केला. एखादी व्यक्ती विणकाम अर्धे ठेवून गेली किंवा आजारपणाने ते पुरे करू शकत नसली, तर घरच्यांकडून ते काम घेऊन अनोळखी स्वयंसेवक पुरे करून देतात. दुसऱ्याच्या हाताचा ताण जुळवत विणणे किती अवघड असते, ते मला आता कळते. आपल्या खोक्यातली तीन कामे अशा मुलांची आहेत, ज्यांची कुटुंबे गाव सोडून गेली. ती कुणी पुरी करणार असेल तर नावाची चिठ्ठी मात्र काढू नये. पुरे झालेले काम आपण त्यांच्या पत्त्यावर पाठवू.

बाकी अकरा जणांना किंवा त्यांच्या धाकट्या भावंडांना निरोप: खोका मुख्याध्यापक कार्यालयात डाव्या हाताच्या टेबलावर आहे. दुपारच्या सुटीत यावे, चिठ्ठी पाहून आपले काम घ्यावे. ८ आणि १० नंबरच्या सुया शाळेत आहेत. क्रोशाची सुई एकच आहे, ज्यांच्या घरी जादा असेल त्यांनी ती आणावी. गंजलेल्या सुया खोक्यातून काढून टाकल्या आहेत.